बिजागरीच्या बाजूची कडी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दारं करतात. असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "लाकडी का लोखंडी?" मग मला खुलासा करावा लागतो की त्यांच्या दारांना लाकूड लागत नाही, लोखंड लागत नाही, रंधासुद्धा लागत नाही. ती व्हिडिओ गेममधली दारं आहेत. पडद्यावर दिसतात, पडद्यावर उघडतात आणि वीज गेली की घरासकट नाहीशी होतात. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला वाटलेलं असतं, ओळखीतलं कुणी निघालं, आता आपल्या बाथरूमचं दार स्वस्तात होईल.

बाथरूमचंच म्हणाल तर ताईच्या घरी बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. लग्नानंतर कधीतरी तुटली ती तुटलीच. आत गेलेल्या माणसानं सुतळीचं टोक खिळ्याला गुंडाळायचं आणि बाहेरच्याला कळावं म्हणून गाणं म्हणत बसायचं, अशी त्या घरची रीत. मला गाता येत नाही, म्हणून ताईकडे गेलो की मी पाणी बेतानं प्यायचो. जगाची दारं करणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी त्या बाथरूममध्ये प्रत्यक्ष पाहिलेला आहे.

पण माणूस हौशी. कुणाच्याही घरी गेले की आधी दार दोनदा उघडून मिटून बघणार, मग चपला काढणार. "जड आहे, छान," असं म्हणाले तर समजावं, यजमानांची चंगळ आहे. नाहीतर आहेच ठरलेला शेरा, "हे दार खोटं बोलतंय." माझं चष्म्याचं दुकान आहे. त्याला मी हौसेनं आपोआप सरकणारं काचेचं दार बसवलं. भाऊजी पहिल्यांदा आले, दार सरकलं, आणि ते बाहेरच उभे राहिले. म्हणाले, "यानं मला विचारलंच नाही." तेव्हापासून ते माझ्या दुकानात न बोलावता आलेल्या पाहुण्याचा चेहरा करूनच शिरतात. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

आता त्या गेमविषयी. नाव 'तहानगाव'. गावातल्या विहिरी आटल्या आहेत आणि तुमच्या हातात एक घडा आहे. घरोघर जायचं, दार वाजवायचं, पाणी मागायचं. कुणी देतं, कुणी हाकलतं, कुणी आधी आपलं सगळं रडगाणं ऐकवतं आणि मग म्हणतं, पाणी नाही. तलवार नाही, राक्षस नाही, काही नाही. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत पाच-सहा जणांनी मिळून तो केला. खालून कायम वाफ यायची, त्यामुळे करणारे सगळे सदैव तहानलेले असायचे आणि म्हणूनच तो गेम खरा वाटायचा, असं भाऊजींचं ठाम मत आहे. भाऊजींच्या वाट्याला दारं आली होती. ती मात्र खरंच अशी होती की नुसत्या दारावरून आतला माणूस कळावा. म्हातारीचं दार आधी फटीएवढं उघडायचं, मग थांबायचं, मग आणखी थोडं. श्रीमंताचं दार उघडण्याआधी आतून कड्या निघत राहायच्या, एकामागून एक, संपतच नसत. विधवेचं दार नुसतं लोटलेलं असायचं. हे मी कुणाला सांगायला लागलो की मलाच गहिवरून येतं. तेव्हा मी शाळेत होतो, ताई फिजिओथेरपी शिकत होती, आणि सबंध सुट्टी आम्ही दोघं त्या गावात पाणी मागत हिंडत होतो.

त्या गावात एक दार उघडायचं नाही. आटलेल्या विहिरीशेजारी एक लहानसं निळं दार होतं. वाजवलं तर वाजायचं, कडी ओढली तर कडी हलायची, पण दार ढिम्म. सगळा गेम संपला, विहिरीला पाणी लागलं, गाव नाचलं, तरी ते दार बंद ते बंदच. ताई त्याच्यासमोर तासन्‌तास उभी राहायची. एके दिवशी ओरडली, "छोट्या, हे बघ! कडी बिजागरीच्या बाजूला आहे!"

मी म्हटलं, "मग?"

"अरे, गुडघा वाकवायचा तर पाय घोट्याजवळ धरावा लागतो. गुडघ्यालाच धरून ओढलं तर काय वाकणार? हे दार जन्मात उघडणार नाही. आणि ज्यानं केलंय त्याला ते माहीत आहे. त्यानं मुद्दाम केलंय."

"कशाला?"

"काही दारं ओढून उघडत नाहीत, हे सांगायला." असं म्हणून ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसली. तिची अशी नजर मी नंतर थेट तिच्या लग्नात पाहिली.

ते असं झालं. गेमच्या दुकानात एकदा तहानगाव करणारी मंडळी येणार होती. ताई मला घेऊन गेली. भाऊजींना कुणी व्यासपीठावर बसवलं नव्हतं. त्यांना दुकानाच्या दाराशी उभं करून रांग सांभाळायला लावलं होतं. ताईनं त्यांनाच विचारलं, "विहिरीजवळचं निळं दार कुणी केलं?" भाऊजी दचकले. हळूच म्हणाले, "मी." ताईनं विचारलं, "त्याच्यामागे काय आहे?" यावर भाऊजी काहीच बोलले नाहीत. नुसते हसले. ताईला ते हसू फार गूढ वाटलं. त्या एका गप्प बसण्यावर पुढे संसार उभा राहिला. आमच्या आईनं विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" ताई म्हणाली, "दार करतो." अनेकवचनसुद्धा वापरलं नाही तिनं.

गेम तुफान चालला. आता तो इतका चालल्यावर तिथेच थांबावं असं कुणाला वाटेल? लाँड्रीवरच्या दोन खोल्या सुटल्या, काचेची इमारत आली आणि दुसरा भाग आला. दुसऱ्या भागात घोडा होता. घोड्यावरून दार वाजवता येत नाही, म्हणून घरांची दारं हत्तीखान्याएवढी झाली. तिसऱ्यात तलवार आली, आता दार वाजवण्याऐवजी फोडता येऊ लागलं. भाऊजींनी फुटणारी दारं केली आणि त्या काळात त्यांचं जेवण कमी झालं होतं, असं ताई सांगते. चौथ्यात राक्षस आला. राक्षसाला दाराशी काय देणंघेणं, तो भिंतच पाडतो. पाचव्यात जगभरची माणसं एकाच वेळी गावात शिरली आणि पाणी मागायचं सोडून घडे एकमेकांच्या डोक्यात घालू लागली. सहाव्याच्या आधी कंपनीनं मोठी पाहणी केली. तिच्यातून असं निघालं की तहान लागल्यामुळे खेळणाऱ्याला शीण येतो. मग तहान काढून टाकली. तहानगावात बारमाही पाऊस पडू लागला आणि नायकाला पंख फुटले. उडणाऱ्याला दार कशाला हवं? सहाव्या भागात एकही दार नव्हतं. भाऊजी मात्र पगारावर होते, कारण त्यांना काढायचं तर ते काय काम करतात हे आधी कुणाला तरी माहीत असायला हवं होतं.

सहावा भाग साफ आपटला. जुने खेळणारे शिव्या द्यायचेच, आता नवेही देऊ लागले. त्यातला एक टीकाकार तर प्रत्येक भागाच्या वेळी गावाचं मरण जाहीर करायचा, त्यानं या वेळी गावाचं तेरावंही उरकून टाकलं. तेव्हा कंपनीनं नवे मुख्य साहेब आणले. हे आधी साबणाच्या कंपनीत होते. तिथे त्यांनी एक मेलेला साबण जिवंत केला होता म्हणे, म्हणून यांना भाऊजी साबणसाहेब म्हणतात. साबणसाहेबांनी आल्या आल्या घोषणा केली, "सातव्या भागात मूळ चव परत आणायची." साबणाच्या माणसाला चवीचं काय कळतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याऐवजी 'मूळ चव समिती' नेमली गेली.

समितीनं पुन्हा पाहणी केली. पहिल्या भागातलं लोकांना काय आठवतं? हजारो माणसांनी एकच उत्तर दिलं, विहिरीजवळचं निळं दार. वीसेक वर्षं लोक त्या दारावर वाद घालत होते. कुणाच्या मते आत गावाचं सगळं पाणी दडवलंय, कुणाच्या मते आत नायकाची आई आहे. कडी उलट्या बाजूला का, यावर तर एका गृहस्थानं विद्यापीठात व्याख्यान दिलं होतं. साबणसाहेबांचे डोळे लकाकले. सातव्या भागाची जाहिरात त्यांनी त्याच दिवशी ठरवली, 'अखेर दार उघडतंय!'

मग प्रश्न आला की आत काय आहे? तेव्हा कुणाला तरी आठवलं की तळघरातल्या खोलीत एक जुना माणूस बसतो. भाऊजींना वर बोलावलं, मऊ खुर्चीत बसवलं, चहा दिला. साबणसाहेब पुढे झुकून म्हणाले, "काका, फक्त तुम्हाला माहीत आहे. आत काय होतं?"

भाऊजी आपलं ते गूढ हसले. साहेब खूश झाले आणि म्हणाले, "पुढच्या बैठकीत सांगा. सगळ्यांसमोर."

तिथून भाऊजी थेट माझ्या दुकानात आले. दार आपोआप सरकलं, तरी आज काही बोलले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की पाणी मुरतंय. गिऱ्हाईक गेल्यावर ते नंबर तपासायच्या खुर्चीत बसले आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "छोट्या, आत काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. खोलीच नाही. मागे भिंत आहे. तिथली भिंत फार ओकीबोकी दिसत होती म्हणून मला एक दार लावायला सांगितलं. उघडणारं दार होतं ते. भिंतीत कोनाडा करून आत एक माठ ठेवणार होतो. पण कडी चुकून बिजागरीच्या बाजूला बसली. घाईत होतो. दुसऱ्या दिवशी गेम बाहेर पडला."

"चुकून?"

"चुकून."

मला हसावं की रडावं कळेना. "ताईला माहीत आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "त्या दिवशी दुकानात तिनं विचारलं ना, तेव्हा मला वाटलं ही तक्रार करायला आलीय. माफी मागणार होतो. शब्द सुचेनात म्हणून हसलो. ती म्हणाली, मला कळलं तुम्हाला काय म्हणायचंय. आता मला काय म्हणायचं होतं ते मलाच कळलेलं नव्हतं. लग्न झाल्यावर सांगू म्हटलं. मग म्हटलं सांगू कधीतरी. ती तिच्या पेशंटना सांगते रे! ज्यांचे गुडघे आखडलेत ना, त्यांना ती त्या दाराची गोष्ट सांगते. ओढू नका, काही दारं ओढून उघडत नाहीत. आणि म्हणते, हे माझ्या यजमानांनी सांगितलंय."

मला ताईची दया आली. मग त्यांचीही आली. हा माणूस वीसेक वर्षं आपल्याच घरात दुसऱ्या कुणाचं तरी सोंग घेऊन वावरत होता, आणि तो दुसरा त्याच्यापेक्षा शहाणा होता. मी धंद्यातला माणूस, मी धंद्यातला सल्ला दिला. "भाऊजी, झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑफिसात काहीतरी ठोकून द्या. म्हणावं आत माठ होता. ताईलाही तेच सांगा."

"मूठ झाकायला त्यांनी ठेवलीय का आता? उघडायचंच ठरलंय. सातवा भाग आला की ती पहिल्या दिवशी त्या दाराशी जाणार. दार उघडणार. आत जे काही असेल ते माझ्या नावावर." ते उठले. "आत काय ठेवलं म्हणजे मी तिला वाटतो तसा वाटेन, सांग बरं?"

मी पडलो चष्मेवाला. लांबचं आणि जवळचं एवढंच मी सांगू शकतो.

बैठकीत भाऊजींनी खरं सांगून टाकलं. मला वाटलं होतं शेपूट घालतील, पण नाही. उभे राहिले आणि म्हणाले, "आत काही नाही. ती माझी चूक होती. पण लोकांना ती आवडलीय, तर ते दार बंदच राहू द्या, मी पाया पडतो."

मग साबणसाहेबांनी टेबलावर हात आपटला. आनंदानं. "काही नाही? म्हणजे जागा मोकळी आहे!"

आणि मोकळ्या जागेचं काय करायचं ते समितीनं चहा निवायच्या आत ठरवलं. निळ्या दारामागे दुकान काढायचं. खेळणाऱ्यानं दार उघडलं की आत रंगीत घडे, नक्षीचे घडे, सोन्याचे घडे, घड्यावर ठेवायच्या टोप्या. खरे पैसे टाका आणि घ्या. वीस वर्षं ज्या दाराकडे माणसं आशेनं बघत आली, त्याच्यामागे गल्ला. भाऊजी म्हणाले, "अहो, घड्याला टोपी कशाला?" त्यावर त्यांना सांगण्यात आलं की तरुण वर्गाची तशी मागणी आहे.

मग भाऊजींनी एक प्रश्न विचारला. "तुमच्यापैकी पहिला भाग खेळलंय कोण?"

समितीतली एक बाई म्हणाली, तिनं त्याचा सारांश पाहिलाय. एकानं फोनवर सुरू केला होता पण पहिल्याच घरी पाणी मिळालं नाही म्हणून सोडला. साबणसाहेब म्हणाले की साबण विकायला आंघोळ करावी लागत नाही. यावर सगळे हसले. भाऊजी घरी आले आणि मला फोनवर म्हणाले, "छोट्या, चूक माझी एक होती. यांच्याकडे चूकसुद्धा होत नाही. सगळं ठरवून करतात." त्यांचा आवाज इतका खचलेला मी कधी ऐकला नव्हता.

तहान परत आणायलाही समितीनं मंजुरी दिली होती, पण बटणावर. 'तहान: चालू, बंद.' गेम सुरू होताना बंद असणार होती.

आता दार कुणी करायचं? कंपनीत दारं करणारा एकच माणूस उरला होता. भाऊजींना लेखी हुकूम आला, खाली समितीतल्या झाडून सगळ्यांच्या सह्या. दार मुळाबरहुकूम असावं. आकार, रंग, खिळे, कडी, सगळं तंतोतंत पहिल्या भागासारखं, जुन्या चाहत्यांना तिळभरही फरक जाणवता कामा नये. भाऊजींनी तो हुकूम मला वाचून दाखवला. वाचता वाचता एका जागी थांबले, चष्मा पुसला, तीच ओळ पुन्हा वाचली. मला वाटलं नंबर वाढला.

त्यानंतर माणूस बदलला. शीळ घालू लागला. एका सुट्टीच्या दिवशी ताईचा फोन आला, घाबरलेली. "छोट्या, यांनी बाथरूमला कडी बसवली."

"काय सांगतेस!"

"खरंच. दुकानातून आणली, स्वतः भोकं पाडली. नीट लागते. अरे, हे बरे आहेत ना? ऑफिसात काही झालंय का?"

मी काय सांगणार? मला खरं माहीत होतं आणि मला तिला तोंड दाखवायला लाज वाटत होती. पुढचे काही दिवस मी ताईकडे जायचं टाळलं, बाथरूमला कडी असूनसुद्धा.

सातवा भाग आला. ताईनं दवाखान्यातून रजा काढली होती. मला बोलावलं, "ये, आपण पहिला एकत्र खेळलो होतो." मी दुकान बंद करून गेलो, कारण दार उघडून आत सोन्याचे घडे आणि टोप्या दिसतील तेव्हा तिच्याजवळ रक्ताचं कुणीतरी असावं असं मला वाटलं. भाऊजी स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा निवडत बसले होते. बाहेर यायला तयार नव्हते.

ताईनं पंख घेतले नाहीत, घोडा घेतला नाही, तहान चालू केली. घडा घेऊन चालत चालत सरळ विहिरीशी गेली. निळं दार तिथे होतं. जुन्या दाराचा रंग जिथे उडाला होता तिथेच या दाराचाही उडालेला. ताईनं वाजवलं. मग कडी धरून ओढली.

कडी हलली. दार ढिम्म.

तिनं पुन्हा ओढली. मग वाकून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि खदखदून हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "छोट्या, बघ! कडी बिजागरीच्या बाजूला! जाहिरात बघ काय करतायत आणि कडी बघ कुठे आहे!"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. भाऊजी तिथे येऊन उभे होते, हातात शेंगांची परात. तोपर्यंत मलाही काही माहीत नव्हतं. हुकूम तंतोतंत पाळला होता त्यांनी. कंपनीतल्या तपासणीवाल्यांनी म्हणे तक्रार केली होती की दार उघडत नाही. त्यांना वरून उत्तर गेलं, मूळ दार उघडायचं का? नाही. मग बरोबर आहे, तक्रार बंद. वरच्यांपैकी कुणी दार ओढून बघितलंच नाही, कारण कागदावर ते जुळत होतं.

ताई वळली. "अहो, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"हो," भाऊजी म्हणाले. मग परात टेबलावर ठेवली. "हे मुद्दाम केलं. पहिलं चुकून झालं होतं."

ताईला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. ओकीबोकी भिंत, घाई, दुकानातलं ते हसू, राहून गेलेली माफी. कुठेही स्वतःची बाजू घेतली नाही. ताई ऐकत होती आणि तिचा चेहरा कठीण होत चालला होता. ती उठून आत गेली. बाथरूमच्या दाराची नवी कडी आतून लागल्याचा आवाज आला. पूर्वी निदान गाणं तरी ऐकू आलं असतं. आम्ही दोघं चोरासारखे बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. "मी इतकी वर्षं पेशंटना काय सांगतेय माहितीय तुम्हाला?"

"माहितीय," भाऊजी म्हणाले.

"मग त्याच वेळी बोलायला काय झालं होतं?" ती चिडून बोलत होती, पण बसली मात्र त्यांच्या शेजारीच. "त्यांचे गुडघे वाकले, ते जाऊ दे. त्यांचं काही वाईट झालं नाही. पण मला सांगा, आजची कडी कुणी बसवली?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. नोकरी जाईल बहुतेक."

ताई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तीच ती जुनी नजर. "म्हणजे मी ज्याच्याशी लग्न केलं असं समजत होते, तो माणूस आज आला म्हणायचा." मग परात पुढे ओढून तिनं शेंगा निवडायला घेतल्या. मी तिथून उठलो. मला गहिवरून आलेलं त्या दोघांना दिसावं अशी माझी इच्छा नव्हती.

बाहेर जगात जे झालं ते मी ग्राहकांच्या तोंडून ऐकलं. जुने खेळणारे निळ्या दारासमोर घडे घेऊन जमले, दार उघडलं नाही, आणि ते आनंदानं वेडे झाले. एवढी जाहिरात करून कंपनी शेवटी बधली नाही, हाच तर जुना बाणा! गावाचं तेरावं उरकणाऱ्या त्या टीकाकारानं लिहिलं की गाव जिवंत आहे. गेम धो धो खपला. साबणसाहेब आधी भाऊजींच्या अंगावर ओरडले, मग संध्याकाळी मुलाखत देऊन सांगितलं की हे सगळं त्यांचंच नियोजन होतं. बिघडत चाललेला गेम पुन्हा पहिल्यासारखा होऊ शकतो का, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत होते. तर होऊ शकतो. झाला होता. पण दुकानाचा हिशोब ठेवणाऱ्यांनी विचारलं, की सोन्याचा एकही घडा कसा विकला गेला नाही? मग साबणसाहेबांनी ताबडतोब माणसं बसवून जुना दर्जा दुरुस्त करून घेतला. कडी योग्य बाजूला आली. तेरड्याचा रंग तीन दिवस.

भाऊजींना काढता आलं नाही, त्यांच्याकडे सह्यांचा हुकूम होता. त्यांना आठव्या भागात खिडक्या दिल्या आहेत. आठव्यात घरं नाहीत, तरी दिल्या आहेत.

दुरुस्ती जगभर सगळ्यांच्या घरी आपोआप पोचली. मी त्या दिवशी ताईकडेच होतो. पडद्यावर पाटी आली, 'सुधारणा उपलब्ध आहे.' ताईनं विचारलं, "अहो, यात काय सुधारलंय?"

"कडी," भाऊजी आतून म्हणाले.

ताई उठली, भिंतीतून इंटरनेटची वायर उपटली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकून दिली. त्या घरातल्या त्या यंत्राला आता जगाशी काही देणंघेणं नाही.

परवा गेलो होतो. दवाखान्यातून दमून आलेली ताई घडा घेऊन निळ्या दाराशी उभी होती. तिनं वाजवलं. थांबली. स्वयंपाकघरातून भाऊजींचा आवाज आला, "उघडलं का गं?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा शेंगा निवडू लागले.